ठेवी कोणत्या बाजूला लिहायच्या

मी इंदूबाई सदाशिवराव इंगोले, वय एकोणसत्तर, शिक्षण दहावी आणि त्यानंतर साठीत केलेले अकरावी वाणिज्यचे एक वर्ष, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, आज डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांनी तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मजकूर माझा आहे. वकिलांनी फक्त कायद्याचे शब्द पाहून दिले आणि म्हणाले, "बाई, एवढं सगळं लिहायची गरज नसते." मला गरज आहे, म्हणून ते तसेच ठेवले आहे.

१. माझे पती सदाशिवराव २०११ साली वारले. मला एक मुलगा, गोपाल. तो नोकरीनिमित्त अमरावतीला असतो. त्याची मुले वैष्णवी आणि आयुष. पतीचे धाकटे भाऊ बाबाराव आता यवतमाळला राहतात. वडिलोपार्जित शेत पतीच्या पश्चात गोपालच्या नावावर झाले आहे, त्यात माझा हक्क मी ठेवलेला नाही. त्यामुळे वाटायला राहिले ते माझ्या नावावरचे दिग्रसचे दुमजली घर, बँकेतली ठेव, थोडे सोने आणि घरातले सामान.

२. घर. याचा प्लॉट आणि खालचा मजला माझ्या माहेरच्या वाट्यातून झाला. खरेदीखत माझ्या नावाने आहे आणि त्याबद्दल मला काही सांगायचे नाही. वरचा मजला २००५ साली चढवला. तो मजला माझा नाही. नगरपरिषदेच्या कागदावर तो माझाच आहे, पण मी तो माझा म्हणत नाही. याचे कारण पुढे लिहिते, कारण ते वाचल्याशिवाय गोपालला आणि नातवंडांना कलम सहा समजणार नाही.

३. १९९९ साली गावात महिलांची पतसंस्था निघाली. तिचे नाव इथे लिहीत नाही. त्या नावाला लोकांनी पुरेशा शिव्या दिल्या आहेत. संस्था बायकांची, पण चालवायचे बाबाराव. ते व्यवस्थापक होते. नोंदणीसाठी अध्यक्ष बाई लागत होती. भाऊजी आमच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "वहिनी, तुमी फकस्त बसाचं. बाकी मी पायतो."

मी बसले. दहा वर्षे बसले. खुर्ची फिरती होती, आणि खरे सांगायचे तर मला ती आवडायची. आठवड्यातून एकदा शिपाई फाइल घेऊन घरी यायचा आणि सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलने फुली मारलेली असायची. माझी सही छान आहे, असे सगळे म्हणायचे. दरवर्षी ऑडिटर यायचे, आमच्याकडे जेवायचे. पाटोडीचा रस्सा मीच करायची. जेवताना ते म्हणायचे, "वहिनी, रस्सा झकास," आणि जाताना संस्थेला ‘अ’ वर्ग देऊन जायचे. मला वाटायचे, दोन्ही गोष्टींत आपले काही कर्तृत्व आहे.

वार्षिक सभेत मी भाषण करायची. भाषण भाऊजी लिहून द्यायचे. एक वाक्य मात्र मी स्वतःच्या मनाचे घालायची: "भगिनींनो, आज आपल्या संस्थेजवळ तीन कोटींच्या ठेवी आहेत, ही आपली दौलत आहे." टाळ्या पडायच्या.

ठेवी आणायलाही मीच जायची. भाऊजींकडे कोणी बाईमाणूस पैसे देत नसे, माझ्याकडे द्यायच्या. एकदा दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यावर, तांड्याचे मुखिया नाईक यांच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. तिथे हंसाबाई हरिसिंग राठोड यांनी मला विचारले, "बुडन तं नाही ना?" मी म्हणाले, "माझ्या पदरात बांधला समजा." त्यांनी मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेला सगळा पैसा दिला आणि म्हणाल्या, "तू हायस म्हणून ठेवून राह्यली." त्यांची मुलगी ममता तेव्हा लहान होती, आईच्या मागे उभी होती.

४. २००९ च्या जूनमध्ये संस्थेचे शटर खाली आले. लोक घरी येऊ लागले. कोणी ओरडले, कोणी अंगणातल्या कुंड्या फोडल्या. ते सगळे मी सहन केले आणि आजही त्याचे मला काही वाटत नाही. मी लिहिते आहे ते एका दुपारबद्दल.

हंसाबाई ममताला घेऊन आल्या. ओरडल्या नाहीत. पायरीवर बसल्या. ममताचा यवतमाळला नर्सिंगला नंबर लागला होता. हंसाबाई म्हणाल्या, "इंदूबाई, शुक्रवारपर्यंत फी भराची हाय. सगळे नको देऊ. फीपुरते दे."

मी म्हणाले, "थांबा, भाऊजींले इचारते."

बाबाराव त्या दिवशी आमच्याकडेच, बैठकीच्या खोलीत होते. त्यांनी मान वर न करता सांगितले, "वहिनी, तुमी आत जा."

आणि मी आत गेले. स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडत बसले. खिडकीतून पायरी दिसत होती. मायलेकी बसूनच होत्या. तांड्याकडे जाणारी शेवटची गाडी निघायची वेळ झाली तशा उठल्या. मी त्यांना पाणीसुद्धा नेऊन दिले नाही. पाणी न्यायचे तर बाहेर जावे लागले असते आणि काहीतरी बोलावे लागले असते.

त्या वर्षी ममता नर्सिंगला गेली नाही. नंतरही कधी गेली नाही.

५. पुढे चौकशी लागली, खटला झाला. सदाशिवराव खटला चालू असतानाच गेले. बाबारावांना शिक्षा झाली, अपील अजून चालू आहे आणि ते जामिनावर बाहेर आहेत. मी सुटले. कशी सुटले ते गोपालला माहीत आहे, नातवंडांना नाही.

माझ्या वकिलांनी मला पढवले होते, "जे खरं आहे तेच सांगा." म्हणून साक्षीच्या पिंजऱ्यात मी सांगितले, "साहेब, मले हिशेबातलं काही समजत नाही. सह्या कर म्हटलं, केल्या." निकालपत्रात माझ्यासाठी ‘नामधारी अध्यक्षा’ असा शब्द आहे. गोपालने त्या दिवशी पेढे आणले. मी ते कोणाला वाटू दिले नाहीत.

कोर्टाच्या व्हरांड्यात हंसाबाई आणि ममता उभ्या होत्या. हंसाबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. ममता जवळ आली. तोपर्यंत ती इथल्याच कॉलेजात, कमी खर्चाचे म्हणून, कॉमर्स शिकली होती आणि कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवायला लागली होती. ती म्हणाली, "काकू, तुम्ही खोटं नाही बोलल्या. तुम्हाला खरंच काही समजत नव्हतं." आवाज चढवलेला नव्हता. मी बरीच वर्षे लोकांचे बोलणे ऐकले होते, पण त्या दिवशी मला जमिनीत जावेसे वाटले.

वर्षभराने मी तिच्या कॉलेजात गेले आणि अकरावीच्या वर्गात बसू द्या म्हणून अर्ज केला. प्राचार्य हसले. ममताने विचारले, "कायले?" मी म्हणाले, "मी कशावर सह्या केल्या ते मले वाचायचं हाय."

तिने माझा अर्ज हातात घेऊन वाचला. मग म्हणाली, "बसा. पण माझ्या वर्गात नुसती मान हलवलेली चालत नाही. समजलं नाही तर हात वर करायचा."

मी शेवटच्या बाकावर बसायची. पहिले काही दिवस हात वर केला नाही. लाज वाटायची. सोळा वर्षांच्या पोरी पटापट लिहायच्या आणि मी नावे आणि जमा यांतच अडकलेली. ममता शिकवायची ते सोपे होते. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एकाने घेतले तर कोणीतरी दिलेले असते. धंदा वेगळा आणि धंद्याचा मालक वेगळा, त्याच्या खिशातला पैसा आणि गल्ल्यातला पैसा एक नाही. आणि एकदा म्हणाली, "हिशेब ठेवायचा तो मालकाच्या समाधानासाठी नाही. ज्याचा पैसा तुमच्याकडे आहे, त्याला उत्तर देता यावं म्हणून ठेवायचा." हे ती फळ्याकडे तोंड करून बोलली.

मग ताळेबंद आला. एका बाजूला देणी, एका बाजूला मालमत्ता. ममताने एकेकीला उभे करून विचारले, इमारत कुठे, यंत्र कुठे, कर्ज कुठे. माझी पाळी आली तेव्हा विचारले, "पतसंस्थेकडच्या ठेवी कोणत्या बाजूला लिहायच्या?"

मी लगेच सांगितले, "मालमत्ता." हे तरी मला पक्के माहीत होते.

वर्गात कोणी हसले नाही. माझ्या बाकावर खुशी नावाची मुलगी बसायची. ती हळूच म्हणाली, "आजी, ते तं देणं हाय. लोकायचा पैसा हाय तो, वापस द्यावा लागते."

मी उभीच राहिले. दहा सभांमध्ये मी माईकवर लोकांचे देणे आपली दौलत म्हणून सांगितले होते, आणि ज्यांचे देणे होते त्यांनीच टाळ्या वाजवल्या होत्या. ममताने मला बसा म्हटले नाही. बहुतेक तिच्या लक्षात राहिले नाही, किंवा राहिले असेल. तास संपेपर्यंत मी उभी होते.

वर्ष संपल्यावर मी संस्थेचे जुने छापील अहवाल शोधले. माझ्याकडे एकही नव्हता. शेजारच्या धुरपताबाईंच्या घरी दोन मिळाले, फळीवर डब्यांखाली अंथरलेले. हे अहवाल कोणी लपवले नव्हते. दर सभेला चिवड्याच्या पुड्यासोबत प्रत्येक सभासदाच्या हातात दिले होते. पहिल्या पानावर माझा फोटो, आत सगळे आकडे. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे असे एक पानच होते. बाबारावांच्या बायकोचे नाव दोनदा होते. तिसरे नाव होते सदाशिवराव इंगोले, कारण ‘घरबांधणी’, शेरा ‘थकीत’. पुढच्या वर्षीच्या अहवालात ते नाव नव्हते. फेडले म्हणून नव्हे, कर्ज बुडीत धरून खात्यातून काढून टाकले होते. त्या ठरावाखाली अध्यक्षाची सही होती. छान सही.

२००५ साली ज्या पैशाने आमचा वरचा मजला चढला, तो हा पैसा. त्यात हंसाबाईंचा होता, धुरपताबाईंचा होता. सदाशिवरावांना हे माहीत होते का, ते मला कधीच कळणार नाही. भावाने पैसे आणून दिले आणि त्यांनी विटा आणल्या. ते गप्प माणूस होते. मी त्यांना चोर म्हणत नाही. पैसे कुठून आले ते त्यांनी विचारले नाही आणि मीही विचारले नाही, एवढेच लिहिते.

मी गोपालला अमरावतीहून बोलावून अहवाल दाखवला. तो चिडला. म्हणाला, "आई, बाबा मेले आता. मेलेल्या माणसाले चोर ठरवून राह्यली का तू? लोक विसरले ना सगळं."

मी म्हणाले, "धुरपताबाई अजून आपल्या घरचं पाणी पीत नाही, गोपाल. शेजारी राहून."

"मंग कोर्टानं काहून सोडलं तुले?"

"मले काही समजत नव्हतं म्हणून. आता समजते."

तो त्याच दिवशी निघून गेला. सहा महिने फोन नाही. पुढच्या पोळ्याला आला. घर पाहत अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "तुले जे लिहायचं ते लिही. मी आडवा येत नाही." त्याने होकार दिला असे मी म्हणणार नाही. आडवा येत नाही म्हणाला, आणि त्याचा मला मोठा आधार आहे. वैष्णवी आणि आयुष यांनी त्यांच्या वडिलांना यावरून कधी बोलू नये.

६. म्हणून घराची व्यवस्था अशी. माझ्या पश्चात घर विकावे. येणाऱ्या रकमेतून खालच्या मजल्याचा आणि जागेचा भाग गोपालचा. वरच्या मजल्याचा भाग पतसंस्थेच्या ज्या ठेवीदारांना अजून पैसे मिळालेले नाहीत, त्यांचा. त्यांची यादी अवसायकांच्या, म्हणजे संस्था गुंडाळायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आहे. सगळ्यात लहान ठेव ज्यांची, त्यांना सर्वांत आधी द्यावे. ठेवीदार हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्यावे. कोणा संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला यातले काही देऊ नये.

ही मदत नाही, दान नाही. कोणी सत्कार करू लागले किंवा पेपरात बातमी दिली, तर माझ्या वतीने नाही म्हणावे. हे देणे आहे आणि ते फार उशिरा दिले जात आहे.

७. सोने. बांगड्या आणि गोठ मी २०१८ सालीच मोडले आणि तांड्यावर जाऊन हंसाबाईंची ठेव परत केली. त्यांनी पैसे घेतले. मी व्याजाचे बोलले तेव्हा म्हणाल्या, "माह्याच पैशाले तू काय व्याज देतं? ममताची गेलेली सालं दे." मी खाली पाहत उभी राहिले. त्यांनी चहा विचारला नाही आणि ते बरोबर होते. आता उरलेले डोरले वैष्णवीला द्यावे.

८. बँकेतली ठेव. तिचे व्याज दरवर्षी ममताला द्यावे. ती माझ्या अंगणात रविवारी बचत गटाच्या बायकांना ताळेबंद वाचायला शिकवते. हे तिने सुरू केले, मी नाही. मी सतरंजी टाकते आणि माझीच गोष्ट उदाहरण म्हणून सांगते. ते सांगायला अजून जड जाते. घर विकल्यावर वर्ग कुठे भरवायचा ते ममताने ठरवावे. तांड्यावर भरवला तर जास्त चांगले. वर्गाला माझे नाव देऊ नये.

९. अकरावीचे पुस्तक आणि माझ्या वह्या वैष्णवीला. वैष्णवी, तू सायन्सला जा, नाहीतर गाण्याला जा. पण उद्या नवरा, सासरा, भाऊ, साहेब, कोणीही कागद पुढे करून ‘इथे सही कर’ म्हणाला तर आधी खाली बस आणि वाच. समोरच्याला राग आला तर येऊ दे. कॅल्क्युलेटर आयुषला.

१०. बाबाराव. त्यांना माझ्याकडून काहीही नाही. ते माझ्या मातीला आले तर त्यांना अडवू नये, ते दीर आहेत. पण खांदा देऊ देऊ नये. मी त्यांना माफ केले आहे का, असे गोपालने मला विचारले होते. भाऊजींनी मला ‘आत जा’ म्हटले, हे खरे. पण चालत आत गेले ती मी. त्या दारात त्यांनी मला ढकलले नव्हते. त्यामुळे त्यांच्यावर रागवायला गेले की माझा राग अर्ध्यातून परत येतो. त्यांचे काय ते कोर्ट बघेल.

ऑडिटर साहेब आता हयात नाहीत. त्यांच्याबद्दल एवढेच, की मी त्यांना जेवू घातले याची मला आता लाज वाटते.

११. माझ्या मागे चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू नये. लावलाच, तर नावामागे ‘माजी अध्यक्षा’ लिहू नये. तेरवीचा खर्च आटोपशीर ठेवावा.

१२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी ममता हरिसिंग राठोड यांना नेमत आहे. त्यांनी आधी नकार दिला होता. म्हणाल्या, "काकू, माझ्या याडीला हे आवडणार नाही." याडी म्हणजे त्यांची आई, हंसाबाई. महिन्याभराने स्वतः आल्या आणि एका अटीवर तयार झाल्या: घर किती रुपयांना विकले, कोणाला किती दिले, हे सगळे छापून ठेवीदारांना द्यायचे आणि मंदिराच्या ओट्यावर मोठ्याने वाचून, समजावून सांगायचे, समजले का ते विचारायचे. अट मला मान्य आहे. त्यात या कामासाठी त्यांनी काही मेहनताना घेतला तर तोही वाचून दाखवावा.

१३. साक्षीदारांबद्दल. पहिले साक्षीदार जीवन बळीराम भोयर हे शेजारी राहतात, निवृत्त पोस्टमन आहेत. दुसऱ्या साक्षीदार म्हणून मी हंसाबाईंना विचारायला तांड्यावर गेले. येतील असे वाटले नव्हते. आज त्या आल्या आहेत. या मृत्युपत्रातून त्यांना काही मिळणार नाही.

वकिलांनी त्यांच्यापुढे शेवटचे पान ठेवले आणि सहीची जागा दाखवली. हंसाबाईंनी पेन बाजूला ठेवले. म्हणाल्या, "आंधी वाचून दाखवा. सगळं."

वकील म्हणाले, "साक्षीदारानं फक्त सही करताना पाहिलं एवढंच असतं बाई, मजकूर माहीत असावा लागत नाही."

"मले माहीत असावं लागते," त्या म्हणाल्या.

म्हणून जीवनरावांनी पहिल्या ओळीपासून कलम बारापर्यंत वाचून दाखवले. पायरीचा मजकूर आला तेव्हा मी खाली पाहत होते, त्यामुळे हंसाबाईंचा चेहरा कसा झाला ते मला माहीत नाही. त्यांनी ते कलम पुन्हा वाचायला सांगितले. जीवनरावांनी पुन्हा वाचले. वाचून संपल्यावर हंसाबाईंनी मला एकच विचारले.

"मी तुले माफ केलं असं याच्यात कुठी लिवलं का?"

मी म्हणाले, "नाही."

"लिवू नको."

"नाही लिहीत."

"मंग हेबी लिव, का म्या सही केली ते तुले सही करताना पायलं म्हणून. दुसरं काही त्याच्यात कोणी वाचू नये."

त्यांनी सांगितले तसे इथे लिहिले आहे. हे कलमही त्यांना वाचून दाखवले आणि त्यांनी बरोबर आहे म्हटले. त्यानंतर मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आणि त्यांनी माझ्यासमक्ष केली.

लिहून ठेवणार:
इंदूबाई सदाशिवराव इंगोले (सही)

साक्षीदार:
१. जीवन बळीराम भोयर, दिग्रस (सही)
२. हंसाबाई हरिसिंग राठोड, तांडा, ता. दिग्रस (सही)

ठिकाण: दिग्रस, जि. यवतमाळ
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५